आधी ‘सी’च शिकली पाहिजे, हा नियम कोणी केला?

संगणकाची कोणती भाषा आधी शिकवावी, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. आधी सी शिका, पाया पक्का करा, मग जावा, पायथन जे काही असेल ते आपोआप येईल. अभियांत्रिकीचे विद्यार्थी हेच सांगतात, क्लासवाले हेच सांगतात आणि ज्यांनी नोकरीत दहा वर्षांत सीची एक ओळही लिहिलेली नाही असे लोकही हेच सांगतात. आम्हीही हे उत्तर प्रमाण मानले होते. त्याची किंमत मात्र एका अकरावीतल्या मुलाने मोजली. ती कशी, हे सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, दोन पंखे, आणि एका निवृत्त गृहस्थांनी मिळवून दिलेले चार जुने संगणक. आम्ही समाजशास्त्रात एमए केलेले. संगणकशास्त्राशी आमचा संबंध आला तो लघुप्रबंधाच्या वेळी, तीनशे प्रश्नावल्या हाताने मोजता मोजता थकल्यावर. तेव्हा गरजेपोटी थोडे प्रोग्रामिंग शिकलो आणि वाटले, हे आपल्या मुलांना दहावी-बारावीतच का मिळू नये?

म्हणून वर्ग काढला. नववी ते बारावीची एकोणीस मुले-मुली आली. काय शिकवायचे, हे एका अभियंता मित्राला विचारले. त्याने त्याच्या पहिल्या वर्षाच्या नोट्स दिल्या आणि सांगितले, “सीपासून सुरू कर. बाकीचे नंतर.” आम्ही त्या संगणकांवर टर्बो सी चढवला आणि निळ्या पडद्यासमोर मुलांना बसवले.

उणे २५२१६

पहिले तीन आठवडे मुलांनी काय केले? ‘हॅश इन्क्लुड’ पाठ केले. ‘व्हॉइड मेन’ पाठ केले. पडदा पुसण्याची आज्ञा पाठ केली. हे सर्व कशासाठी, असे एका मुलीने विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, “आत्ता लिहून घे, पुढे समजेल.” हे वाक्य उच्चारताना आपण कोणाची भाषा बोलत आहोत, याचे भान आम्हाला नव्हते. अर्थ विचारू नका, पाठ करा, हे आपल्या आजा-पणजांनी पुष्कळ ऐकले आहे.

सेमीकोलन राहिला की टर्बो सी चूक दाखवायचा, पण बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवून. मुले बरोबर असलेली ओळ खोडून पुन्हा लिहीत बसत. ‘एलव्हॅल्यू रिक्वायर्ड’ असा संदेश आला की मराठी माध्यमाचे मूलच काय, आम्हीही गप्प होत असू.

त्यात एक मुलगा होता, अकरावी सायन्सचा. वडील बांधकामावर मिस्त्री. त्याला आम्ही फॅक्टोरियलचा प्रोग्राम करायला दिला. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. ५ दिले की १२० यायला हवेत. त्याने प्रोग्राम लिहिला, ५ ला १२० आले, ७ ला ५०४० आले. मग त्याने ८ दिले. उत्तर आले उणे २५२१६.

“सर, सातपर्यंत बरोबर येते. आठले मायनस येते.”

आम्ही कोड पाहिला. चूक दिसली नाही. परंतु संगणक चुकत नसतो, मुलगा चुकतो, अशी आमची समजूत. आम्ही म्हणालो, “तुझ्या लूपमध्ये काहीतरी गडबड असेल. नीट बघ.”

तो दोन दिवस ती सहा ओळींची गडबड शोधत राहिला. वहीत आठाचा गुणाकार त्याने हाताने चार वेळा केला होता. चारही वेळा ४०३२० आले होते. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर कधीच आला नाही. मित्राकडून निरोप पाठवला तर उत्तर आले, “मले नाही जमत ते. डोक्यात नाही बसत.”

दिवाळीनंतर वर्गात सात मुले उरली होती.

काही महिन्यांनी आम्हाला कळले की त्या मुलाच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. टर्बो सी हा १९८७ साली बोरलँड कंपनीने डॉसच्या काळात काढलेला कंपायलर. त्यात साधी पूर्णांक संख्या १६ बिटांत साठवली जाते. १६ बिटांचे एकूण ६५,५३६ प्रकार होतात. निम्मे ऋण संख्यांना दिले की वरची मर्यादा उरते ३२,७६७. त्याच्या पुढे गेले की जुन्या गाडीच्या मीटरसारखे होते, आकडे संपले की काटा फिरून दुसऱ्या टोकाला येतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा. उत्तर येते उणे २५२१६. मुलाचे गणित बरोबर, तर्क बरोबर, लूप बरोबर. चूक होती ती त्याला न सांगितलेल्या मर्यादेत, आणि ती मर्यादा माहीत नसताना त्यालाच चूक ठरवणाऱ्या आमच्यात.

सी कोणासाठी घडली?

येथे कोणी म्हणेल, हा दोष शिक्षकाचा आहे, भाषेचा नाही. अर्धे खरे आहे. परंतु उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर या भाषा कोणी, कशासाठी केल्या हे पाहिले पाहिजे.

सी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी तिचा उपयोग झाला. ज्यांना यंत्राच्या पोटात हात घालायचा आहे, कोणती स्मृती कुठे आहे हे ज्यांना ठाऊक आहे, अशा जाणकारांचे ते हत्यार आहे. म्हणून सी तुमच्यावर विश्वास ठेवते आणि तपासत नाही. दहा घरांच्या यादीत अकराव्या घरात काही लिहा, सी बहुधा अडवणार नाही. शेजारच्या स्मृतीवर ते लिहिले जाईल आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळेल. जावा तिथल्या तिथे थांबते आणि यादीबाहेर गेलात असे सांगते. पायथनही तसेच करते. जाणकाराला सीचे हे स्वातंत्र्य हवे असते, कारण त्यातून वेग मिळतो. नवख्याला त्यातून फक्त भीती मिळते.

याउलट काही भाषा शिकणाऱ्याला समोर ठेवूनच केल्या गेल्या. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी बेसिक केली ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. निकलाऊस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल केली ती शिस्तशीर प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी. नेदरलँड्समध्ये एबीसी नावाची शिकाऊंसाठीची भाषा तयार झाली, तिच्यावर काम केलेल्या ग्विदो व्हान रॉसम यांनी पुढे पायथन केली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. लहान मुलांसाठी एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये स्क्रॅच आणली, ज्यात ओळी टाइप करायच्याच नाहीत, रंगीत ठोकळे जोडायचे.

म्हणजे नवख्याला काय द्यावे हा विचार साठ वर्षांपासून चालू आहे. २०१४ साली फिलिप ग्वो यांनी अमेरिकेतील आघाडीच्या ३९ संगणकशास्त्र विभागांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी २७ विभाग प्रारंभिक अभ्यासक्रमात पायथन शिकवत होते. ज्या देशात सी जन्मली तिथल्या मोठमोठ्या विद्यापीठांना ‘आधी सी’ हा नियम पाळावासा वाटला नाही. आपल्याकडे मात्र बारावीच्या बायफोकलमध्ये वर्षानुवर्षे सी प्लस प्लस आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवला गेला, महाविद्यालयांत टर्बो सीचा निळा पडदा बोरलँडच्या नंतरही जिवंत राहिला, आणि ‘व्हॉइड मेन’ ही सीच्या प्रमाण नियमांत न बसणारी ओळ पिढ्यान्‌पिढ्या वहीत उतरत राहिली. हे का झाले? नोट्स तयार होत्या, प्रश्नपत्रिका तयार होत्या, शिकवणाऱ्याला नवे शिकायचे नव्हते. मग या सोयीलाच ‘पाया’ असे नाव मिळाले.

समाजशास्त्रात बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलाची जी मांडणी केली आहे ती येथे लागू पडते. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, मोठा भाऊ आयटीत आहे, त्याच्या पडद्यावर उणे २५२१६ आले तर तो रात्री भावाला विचारतो आणि भाऊ सांगतो, “अरे, डेटा टाइप बदल.” दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. मिस्त्रीच्या मुलाला असा भाऊ नाही. म्हणून तोच अडथळा एकाला नुसता खड्डा वाटतो आणि दुसऱ्याला भिंत वाटते. वरून परीक्षा सगळ्यांना सारखीच होती असे म्हणायला आपण मोकळे.

पायथनने काय दिले आणि काय लपवले

दुसऱ्या वर्षी आम्ही पायथन घेतली. संगणक विंडोज ७ वरचे, म्हणून नव्या आवृत्त्या चढत नव्हत्या, ३.८ चढली आणि तेवढी पुरली.

पहिला प्रोग्राम एका ओळीचा. १९७८ च्या कर्निघन-रिची यांच्या सीच्या पुस्तकापासून ‘हॅलो वर्ल्ड’ छापण्याची रीत पडली आहे. आमच्या मुलांनी छापले ‘जय भीम’, तेही देवनागरीत. टर्बो सीत हे शक्य नव्हते. जावात तेवढ्यासाठी आधी क्लास, मग पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड अशी वरात काढावी लागे. अलीकडच्या आवृत्त्यांत ती कमी केली आहे. पायथनमध्ये एक आज्ञा आणि कंसात मजकूर. पहिल्याच तासाला प्रत्येक मुलाच्या पडद्यावर त्याने लिहिलेले काहीतरी चालले.

मग मुलांनी आपण होऊन शोध लावले. व्हेरिएबलचे नाव मराठीत ठेवता येते हे एकीला सापडले. ‘बेरीज’, ‘वय’, ‘हप्ता’ अशी नावे चालतात. दुसऱ्याने विचारले, आकडे मराठीत चालतील का? कोडमध्ये थेट १२ लिहिले तर पायथन नाकारते. परंतु वापरणाऱ्याने टाइप केलेले ‘१२’ पूर्णांकात बदलायला सांगितले तर ती बिनतक्रार बारा म्हणून घेते. त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली ती आम्ही कोणत्याही पुस्तकातून घडवू शकलो नसतो.

इंग्रजीचा प्रश्न राहतोच. परंतु पायथनचे राखीव शब्द आहेत ३५. आम्ही ते कार्डशीटवर लिहून भिंतीला लावले. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर, व्हाईल म्हणजे जोपर्यंत, रिटर्न म्हणजे परत दे. पस्तीस शब्द शिकणे ही आपल्या मुलांना जड गोष्ट नाही. जड असतात ते चुकांचे संदेश. म्हणून एक सामायिक वही केली. ज्याला जो एरर येईल त्याने तो त्यात लिहायचा, सुटला की कसा सुटला ते मराठीत लिहायचे. ही वही आमच्या वर्गाचे खरे पाठ्यपुस्तक आहे.

आता पायथनचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्ही एका पोथीच्या जागी दुसरी पोथी मांडली असे होईल. सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे ओळ किती आत सरकली यावर, ती अर्थ ठरवते. एके ठिकाणी स्पेस आणि एके ठिकाणी टॅब वापरला की प्रोग्राम अडतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुसरा दोष आम्हाला एका मुलीमुळे कळला. ती महिन्याच्या खर्चाची बेरीज करत होती. उत्तर सतत शून्य. कोणताही एरर नाही. पाऊण तासाने सापडले की वरच्या ओळीत ‘एकूण’ दीर्घ होते आणि लूपमध्ये तिने ‘एकुण’ ऱ्हस्व लिहिले होते. पायथनने दुसऱ्या स्पेलिंगचा नवा व्हेरिएबल गुपचूप तयार केला. जावा किंवा सी असती तर म्हणाली असती, हे नाव तू आधी जाहीर केलेलेच नाही, मी चालवणार नाही. आधी नाव आणि प्रकार जाहीर करण्याची सक्ती ही नवख्याला कटकट वाटते, पण ती अशा चुकांवर पहारा देते. मोठ्या कामात, जिथे दहा जण एकाच कोडवर काम करतात, तिथे या पहाऱ्याची किंमत कळते.

फॅक्टोरियल आम्ही पुन्हा केले. पायथनने ८ ला ४०३२० दिले, २० ला २४३२९०२००८१७६६४०००० दिले, कारण तिच्यात पूर्णांकाला तशी मर्यादा नाही. संगणकाची स्मृती पुरेल तितका मोठा आकडा ती धरते. जावात साधा पूर्णांक वापरला तर १२ पर्यंत ठीक, आणि १३ ला १९३२०५३५०४ असे उत्तर येते. खरे उत्तर आहे ६२२७०२०८००. लक्षात घ्या, जावाचे हे उत्तर ऋण नाही, विचित्र दिसत नाही. ते खऱ्यासारखे दिसणारे खोटे आहे. म्हणजे ‘सी वाईट, जावा चांगली’ एवढे म्हणूनही भागत नाही.

अकरा रुपये कुठी गेले?

शिकवणे एक आणि कामाचे सॉफ्टवेअर करणे एक. हा फरक आम्हाला वस्तीतल्या महिला बचत गटाने शिकवला.

गटात बारा जणी. त्यांच्या व्याजवाटपाचा प्रोग्राम अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला जावात करून दिला. त्या महिन्यात व्याज जमले १,२३५ रुपये. प्रोग्रामने प्रत्येकीला १०२ रुपये दाखवले. गटाच्या एक मावशी, शाळा चौथीपर्यंत, कागदाकडे न बघता म्हणाल्या, “बारा दोन्ही चोवीस, बाराशे चोवीस झाले. अकरा रुपये कुठी गेले, भाऊ?”

अकरा रुपये भाषेच्या नियमात गेले होते. सी आणि जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक कापून टाकला जातो. ५ भागिले २ म्हणजे २. पायथनमध्ये साधा भागाकार २.५ देतो. आम्ही उत्साहाने पायथनमध्ये तोच हिशोब केला. उत्तर आले १०२.९१६६६... आणि दोन घरांपर्यंत पूर्ण केले तर १०२.९२. त्याला बाराने गुणले की १,२३५.०४ होतात. म्हणजे आता तिजोरीत नसलेले चार पैसे आम्ही वाटायला निघालो होतो.

उपाय शेवटी भाषेत नव्हता, हिशोबाच्या रीतीत होता. सगळे पैशांत मोजायचे. १,२३,५०० पैसे भागिले १२ म्हणजे प्रत्येकी १०,२९१ पैसे आणि बाकी ८ पैसे. बाकीचे काय करायचे? ते गटाने ठरवले, गटाच्या निधीत टाकायचे. पूर्ण भाग आणि बाकी काढण्याची सोय या सगळ्या भाषांत आहे. परंतु बाकी कोणाची, हा प्रश्न कोणतीही भाषा विचारत नाही. तो चौथी शिकलेल्या मावशींनी विचारला. सॉफ्टवेअर करणाऱ्याला ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचे व्यवहार कळत नसतील तर त्याचा पाया कितीही पक्का असला तरी इमारत तिरकीच होणार.

पुढचा प्रश्न, हे चालणार कशावर? पायथनचा प्रोग्राम अभ्यासिकेतल्या संगणकावर चालत होता आणि बायकांच्या हातात होते मोबाईल. म्हणून शेवटी ब्राउझरमध्ये उघडेल असे साधे पान केले, म्हणजे जावास्क्रिप्ट आली. १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला होता. त्या घाईच्या खुणा अजून आहेत. पहिल्याच चाचणीत ५०० रुपये बचत आणि ५० रुपये दंड मिळून आमच्या पानाने एकूण दाखवले ५००५०. पानावरच्या रकान्यात टाइप केलेले जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळते आणि दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह दिसले की ती ते एकमेकांना चिकटवते. रकान्यांचे आधी संख्येत रूपांतर केले तेव्हा ५५० आले. मजकूर आणि संख्या अशी मिसळ केली असती तर पायथन एरर देऊन थांबली असती. जावास्क्रिप्ट तेव्हाही थांबत नाही, काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते. तरीही त्या कामाला जावास्क्रिप्टच योग्य होती, कारण ती काहीही इन्स्टॉल न करता बारा जणींच्या बारा मोबाईलवर चालली.

मग सी टाकून द्यायची का?

मुळीच नाही. लिनक्सचे गाभ्याचे काम मुख्यतः सीमध्ये आहे. आपण जी पायथन वापरतो ती चालवणारा नेहमीचा इंटरप्रिटरही सीमध्येच लिहिलेला आहे. आकडेमोडीच्या शर्यतीत सीपुढे पायथन पुष्कळ मागे पडते. यंत्र आतून कसे चालते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला सीशिवाय तरणोपाय नाही, आणि ते जाणून घेणारी माणसे आपल्यातूनही निघाली पाहिजेत. वरवरच्या कामावर समाधान मानावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

प्रश्न क्रमाचा आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी पायथनमध्ये शब्दांची लांबी मोजत होती. ‘भीम’ला तिने बोटावर दोन अक्षरे मोजली. पायथन म्हणाली तीन, कारण दीर्घ वेलांटी तिच्या लेखी वेगळे चिन्ह. मुलीला हे पटेना. आम्ही तिला नव्या कंपायलरवर सीमध्ये मोजायला सांगितले. सी म्हणाली नऊ. कारण सी चिन्हे मोजत नाही, बाइट मोजते, आणि हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दोन, तीन, नऊ. तिघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते. त्या मुलीने त्या आठवड्यात सीचे पुस्तक मागून घेतले. आता पॉइंटर तिला भीतीदायक वाटत नाही, कारण तिच्याजवळ स्वतःचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या पुस्तकात आहे.

नोकरीचे काय, असे पालक विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. कंपन्यांत जावा मागतात, अँड्रॉइडला कोटलिन लागते, छोट्या संकेतस्थळांची कामे आजही पीएचपीत मिळतात. एका भाषेत लूप, अट आणि फंक्शन नीट समजलेले मूल दुसरी भाषा थोड्या काळात उचलते, हे आम्ही आमच्या मुलांत पाहिले. ज्याचा पहिल्या भाषेत आत्मविश्वास मोडला त्याच्यासाठी दुसरी भाषा येतच नाही.

म्हणून वस्तीत, गावात, वसतिगृहात असे वर्ग चालवणाऱ्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. भाषा ठरवण्याआधी मुलांच्या हातात कोणते यंत्र आहे ते पाहा. पहिली भाषा अशी घ्या की जिच्या चुका मुलाला वाचता येतील. आज आमच्या मते ती पायथन आहे, उद्या दुसरी असेल तर ती घ्या. दुसरी भाषा कामावरून ठरवा. सी शिकवाच, पण ज्याला प्रश्न पडला आहे त्याला, आणि टर्बो सी सोडून आजच्या कंपायलरवर. आणि मुलाने लिहिलेले चालत नसेल तर ‘तू चुकलास’ हे वाक्य सर्वांत शेवटी उच्चारा.

तो मुलगा आम्हाला गेल्या वर्षी भेटला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आम्ही कागदावर ४०३२० लिहिले, खाली ६५५३६ लिहिले, वजाबाकी केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तो बराच वेळ पाहत राहिला.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“हो. आमचं चुकलं होतं.”

तो हसला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मोबाईल उघडायला घेतला. तो वर्गात परत आलेला नाही. आता अकरावीच्या शेवटी सुटलेले त्याचे शिक्षण परत जोडणे सोपे नाही, आणि आमच्या एका कागदाने ते जोडले जाईल असा भ्रम आम्हाला नाही.

आपल्यातले अनेक जण आज पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की जवळच्या एखाद्या अभ्यासिकेला आठवड्याचे दोन तास द्या. नोट्स आणू नका, त्या आमच्याकडे खूप आहेत. ‘आठले मायनस येते’ म्हणून सांगणाऱ्या मुलाशेजारी बसून ते मायनस कुठून आले हे त्याच्यासोबत शोधणारा माणूस आमच्याकडे कमी आहे.